सोमवारचं वजन

अंजनाचा बाप आकाराम मेंढरू विकत घेताना काट्याकडं बघायचाच नाही. आठवडी बाजाराच्या आदल्या दिवशी काही जण मेंढरांना मीठ कालवलेला भुसा चारत आणि सकाळी तहानलेल्या जनावराला पोटभर पाणी पाजत. मेंढरू टम्म दिसायचं, काट्यावर दीड-दोन किलो जास्त भरायचं. आकाराम शांतपणे त्याच्या पाठीवर हात ठेवायचा. शेवटच्या बरगडीच्या मागं, कण्याच्या दोन्ही बाजूंना, अंगठा आणि दोन बोटं. एकदा त्यानं भर बाजारात एकाला विचारलं होतं, "पाणी इकतोस व्हय रं गड्या?" आजूबाजूचे हसले, आणि तो माणूस मेंढरू ओढत निघून गेला.

"पोटाकडं बघू नगंस," तो लेकीचा हात धरून मेंढराच्या पाठीवर ठेवायचा. "हितं चाप. हितं मांस लागलं असंल तर ते खरं वजन."

दहा वर्षांची अंजना चापायची. पुढं ती दहावी झाली, लग्न होऊन वडूजच्या पलीकडच्या एका माळावरच्या गावात आली. नवरा तानाजी साताऱ्याला एमआयडीसीत कामाला, महिन्यातून दोनदा घरी यायचा. घरात सासू हरणाबाई आणि बावीस मेंढरं. लग्नानंतर पाच वर्षांनी सृष्टी झाली. ती आठ महिन्यांची असताना अंगणवाडीत तपासणीसाठी डॉक्टर आले. त्यांनी सगळ्या पोरांच्या छातीला नळी लावली, आणि सृष्टीच्या छातीला जरा जास्तच वेळ लावून ठेवली. हृदयाच्या पडद्याला भोक होतं.

तेराव्या महिन्यात सांगलीच्या एका मोठ्या दवाखान्यात सृष्टीचं ऑपरेशन झालं. शेजारच्या खाटेवर ब्राह्मी होती. तेवढ्याच वयाची, तेच दुखणं, ऑपरेशन एक दिवस आधी. तिची आई चंदनबाला सांगलीजवळच्या नदीकाठच्या गावची. अंजनापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी, म्हणून अंजना तिला अक्का म्हणायला लागली. दोघींनी एकमेकींच्या पोरी सांभाळल्या, एकमेकींसाठी रांगेत उभ्या राहिल्या. दिवस मावळायच्या आत चंदनबाला डबा उघडायची आणि अंजनाला हाक मारायची, "ये गं, चार घास खाऊन घे माझ्याबर." अंजनाच्या गाठोड्यात लसणाची चटणी असायची. ती चंदनबालाला चालत नसे, म्हणून अंजना जेवताना ती बाहेर काढायची नाही. इतकं त्यांचं चांगलं होतं.

पण मैत्रीच्या पोटात बारीक काटा होता. चंदनबालाचा नवरा जिनेश रोज संध्याकाळी मोटारसायकलवरून यायचा, पोरीच्या पायाची बोटं मोजल्यासारखी एकेक धरायचा. तानाजीला तीन दिवसांच्या वर सुट्टी मिळाली नाही. चंदनबालाकडं जाड पुठ्ठ्याची वही होती. तिच्यात ती दूध किती वाजता, किती, लघवी कितीदा, सगळं लिहायची. राऊंडला आलेल्या डॉक्टर मॅडम एकदा ती वही हातात घेऊन म्हणाल्या, "बघा, ब्राह्मीच्या आईनं किती छान लिहून ठेवलंय." त्या बोलल्या सगळ्या वॉर्डाला उद्देशून. अंजनाला वाटलं, आपल्यालाच.

अंजनाचं अक्षर सुंदर होतं. शाळेत फळ्यावर सुविचार तीच लिहायची. पण घरून निघताना वही घ्यायची असते, हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं.

घरी सोडायच्या दिवशी मॅडमनी दोघींना एकत्र बसवून सांगितलं. लघवीचं औषध सकाळ-दुपार चुकवायचं नाही. मीठ बेतानं. दर आठवड्याला वजन करायचं. "वजन वाढलं पाहिजे, पण हळूहळू. चार-आठ दिवसांत एकदम वाढलं तर खूश होऊ नका, मला फोन करा. हृदय थकलं की अंगात पाणी साठतं, ते काट्यावर आधी दिसतं. दूध पिताना कपाळाला घाम, मधे थांबून धापा, सकाळी सुजलेल्या पापण्या, झोपेत जोरात चालणारा श्वास. यातलं काहीही दिसलं तरी थांबायचं नाही. लवकर आलात तर औषधानं भागतं. उशीर झाला तर पोर हातची जाते."

अंजनाच्या कानांवर सगळं पडलं. पण तिची नजर चंदनबालाच्या पेनावर होती. वहीवर झरझर चालणारं, निळ्या शाईचं पेन. तिच्या लक्षात राहिलं ते एवढंच, की वजन वाढलं पाहिजे. आणि त्या दिवशीचे दोन आकडे. सृष्टी सहा किलो नऊशे, ब्राह्मी सहा किलो आठशे. आपली शंभर ग्रॅमनं पुढं आहे, हे ती कडेगावपर्यंत एसटीत मनाशी घोळवत आली.

दोघींचं ठरलं होतं, दर सोमवारी वजन करायचं आणि एकमेकींना कळवायचं. अंजनाच्या गावात वजनाचा काटा अंगणवाडीत. चंदनबालानं घरीच एक काटा मागवला होता. सोमवारी साडेनऊला तिचा फोटो यायचा: काट्यावर बसलेली ब्राह्मी, खाली लाल आकडा, आणि "जय जिनेंद्र, तुमचं किती?"

पहिल्या सोमवारी दोघी सहा किलो नऊशे. दुसऱ्या सोमवारी ब्राह्मी सात. सृष्टी होती तिथंच. तिसऱ्या सोमवारी ब्राह्मी सात दोनशे, सृष्टी सात.

"वाढतीया की," अंगणवाडीच्या विजयमालाबाई म्हणाल्या. "शंभर ग्रॅम काय कमी हायती व्हय?"

"त्या सांगलीच्या पोरीचं दोनशेनं वाढलं."

"तिची आई काय घालती?"

"मला काय ठावं," अंजना म्हणाली. खरं तर ठाऊक होतं. भाताची पेज, मुगाचं वरण, केळं. तेच ती पण घालत होती. मग तिचं अंगाला लागतं आणि माझं का लागत नाही? मेंढरांना पाला टाकतानाही तिच्या डोळ्यांसमोर लाल आकडा असायचा. ब्राह्मीचं वाईट व्हावं असं तिला कधी वाटलं नाही, हे ती स्वतःला पुन्हा पुन्हा बजावायची. फक्त एखाद्या सोमवारी तिचा आकडा अडावा. एकाच सोमवारी.

चौथ्या सोमवारी पहाटे एक मेंढी अडली. हरणाबाई आणि अंजना दोन तास तिच्यापाशी होत्या. कोकरू जगलं, पण त्या गडबडीत सृष्टीचं सकाळचं औषध राहिलं. अंगणवाडीत काट्यानं सात किलो दोनशे दाखवले.

अंजना घरी येताना हसत होती. उंबऱ्यात पाय ठेवताना औषधाची बाटली दिसली आणि हसू थांबलं. तिनं लगेच औषध पाजलं. दुपारपर्यंत पोरीनं चार लंगोट भिजवले. अंजना एकेक लंगोट पिळत होती आणि तिच्या मनात नको तो हिशेब बसत होता. औषध दिलं की इतकं निघून जातं. ती अक्का सकाळी औषधाच्या आधी वजन करत असेल, नाहीतर तिचं एवढं कसं भरेल?

तिनं विचारलं नाही. विचारलं असतं तर चंदनबालानं सांगितलं असतं.

पाचव्या सोमवारी औषध तिनं मुद्दाम नंतर दिलं. सात तीनशे. ब्राह्मीही सात तीनशे. बरोबरी झाली. त्या आठवड्यात अंजना दोनदा गुणगुणली. पण पुढच्या सोमवारी बरोबरी नको होती. शनिवारी तिनं फक्त सकाळचं औषध दिलं, रविवारी एकदाही नाही. अळणी पेज पोर तोंडातून भुर्रकन उडवायची, म्हणून तिच्यात चिमूटभर जास्त मीठ टाकलं, तर वाटी संपली. मग रोजच टाकलं.

"दूध पेताना थांबाय लागलीया गं ही," हरणाबाई एकदा म्हणाली. सृष्टी दोन घोट घ्यायची, मान मागं टाकायची, पुन्हा दोन घोट. कपाळावर घामाचे थेंब.

"ऊन लय हाय, आत्या."

"सकाळच्या पारी कसलं ऊन?"

अंजनानं पदरानं पोरीचं कपाळ पुसलं आणि तो विषय तिथंच सोडला.

सहाव्या सोमवारी काट्यानं सात किलो सातशे दाखवले. विजयमालाबाईंनी पोरीला उचलून पुन्हा ठेवलं. सात सातशेच. "काटा बिघडला का काय," त्या पुटपुटल्या. अंजनाला त्यांचा राग आला. नुकत्या उठलेल्या सृष्टीचे गाल भरल्यासारखे दिसत होते. अंजनानं फोटो काढला, आकडा लिहिला आणि चंदनबालाच्या आधी पाठवून दिला. आयुष्यात पहिल्यांदा, आधी.

ब्राह्मीचा आकडा आला, सात चारशे. अंजनाच्या छातीत काहीतरी गोड उसळलं. ती घरी आली, पोरीला पाळण्यात टाकलं, आणि फोन वाजला.

"अंजना, फोटो आत्ताचा हाय?"

"व्हय अक्का, सकाळचाच. सात सातशे भरली."

"आठ दिवसांत चारशे?"

"मग? तुझीच पोर वाढती व्हय?"

"तसं न्हवं गं. तिच्या पापण्या बघ. मी फोटो मोठा करून बघितला. माझ्या वहीत मॅडमचं सगळं लिवलेलं हाय, वाचू काय?"

"वाच की! तुझी वहीच राहिलीती आता."

चंदनबाला सावकाश म्हणाली, "पोर झोपलीया?"

"झोपलीया."

"तिच्या पोटावर हात ठेव, घड्याळ बघ, एक मिनिट श्वास मोज. मग मला पाहिजे तेवढ्या शिव्या दे."

"एक सोमवार माझी पुढं गेली, तर बघवंना व्हय तुला?" अंजना ओरडली आणि फोन बंद केला. पाळण्यापाशी येऊन ती धुमसत उभी राहिली. जळते. इतके दिवस वही मिरवली, नवरा मिरवला, काटा मिरवला. आता एक आकडा दुसरीचा मोठा झाला, तर पापण्या दिसायला लागल्या.

सृष्टी कुशीवर वळली. झबलं वर सरकलं होतं. ते खाली ओढायला अंजनानं हात घातला आणि तो पोरीच्या पाठीवर, शेवटच्या बरगडीच्या मागं पडला. अंगठा एका बाजूला, दोन बोटं दुसऱ्या बाजूला. तिनं ठरवून नाही ठेवला. हाताला जागा माहीत होती.

कणा जसा महिन्यापूर्वी लागत होता तसाच लागला. मणी न् मणी. दोन्ही बाजूंना मांस नव्हतं.

पाठीवर नाही, तर चारशे ग्रॅम आले कुठून?

तिनं पोरीला उताणं केलं. पोट ताठ होतं. उजव्या बरगडीखाली काहीतरी कडक, फुगीर लागलं, पूर्वी कधी लागलं नव्हतं. डोळ्यांच्या पापण्या पाण्यात भिजवलेल्या मनुकांसारख्या. तिनं पोटावर हात ठेवला आणि भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत मोजायला लागली. साठाच्या पुढं गेल्यावर तिला आकडे ऐकू येईनात. बाजारातल्या हशातून एकच वाक्य येत राहिलं. पाणी इकतोस व्हय रं.

"आत्या!" तिची हाक गोठ्यापर्यंत गेली.

मॅडमनी फोन पहिल्याच रिंगला उचलला. आधी वडूजच्या सरकारी दवाखान्यात जा, ऑक्सिजन लावून घ्या, मी त्यांच्याशी बोलते, मग ॲम्ब्युलन्सनं इकडं. शेजारच्या जोतीरामनं जीप काढली. हरणाबाई मेंढरं तशीच सोडून जीपमधे चढायला निघाली. अंजनानं तिला थांबवलं, तेव्हा म्हातारी एवढंच म्हणाली, "मला घाम दिसला हुता गं. मी दामटून बोलाय पायजे हुतं."

वडूज ते सांगली. ॲम्ब्युलन्समधे सृष्टीच्या तोंडावर मास्क होता. कडेगावच्या पुढं रस्त्याच्या दोन्ही अंगांना ऊस लागला, आणि अंजनाच्या मनात एक वाक्य तयार व्हायला लागलं. देत होते मॅडम, वेळच्या वेळी देत होते. ते ती जुळवून बघत होती, कुठं अडखळत नाही ना. तानाजीला फोनवर ती तेच बोलली. त्यानं विश्वास ठेवला, आणि त्यामुळं ते आणखी जड झालं.

दवाखान्याच्या दारात चंदनबाला उभी होती. सकाळी फोन तुटल्यावर तिनं मॅडमनाच विचारून घेतलं होतं. काखेत डबा, हातात ती वही. शिव्यांचा विषय तिनं काढला नाही. ती ॲम्ब्युलन्समागून आत आली, वॉर्डाच्या दारापर्यंत.

मॅडमनी सृष्टीला तपासलं, छातीवर यंत्र फिरवून पडद्यावर बघितलं. बराच वेळ. मग वळल्या. "भोकावर लावलेला तुकडा जागेवर आहे. गळती नाही. तरी एवढं पाणी का साठलं, ते मला कळत नाहीय. औषध सुरू होतं ना? दोन्ही वेळा?"

वाक्य जिभेवर तयार होतं. दारात चंदनबाला होती, वही छातीशी धरून. आणखी काहीच नको होतं, फक्त ती तिथं नसती तर पुरे होतं.

"औषध घेऊनही असं होत असेल," मॅडम म्हणाल्या, "तर मला वेगळा विचार करावा लागेल. हृदयाचा स्नायूच कमी पडतोय असं समजून. म्हणून विचारते."

अंजनानं पोरीच्या पायाकडं बघितलं.

"न्हवते देत."

"काय?"

"औषध. शनवारी एकदाच दिलं. काल आणि आज न्हाईच. त्याच्या आधीबी सोमवारी चुकवलं. आणि पेजंत मीठ घातलं." तिचा आवाज फुटला नाही. तो बारीक होत गेला. "वजन जास्ती भरावं म्हणून. तिच्या पोरीपेक्षा."

मॅडम सिस्टरकडं वळून म्हणाल्या, "शिरेतून लघवीचं औषध सुरू करा. दर तासाला लंगोट वजन करून लिहा." आणि अंजनाला, "सांगितलंत ते बरं केलंत. मी चुकीच्या वाटेनं गेले असते."

चंदनबाला दारात नव्हती. बाकावर डबा ठेवलेला होता.

दोन दिवस ती यायची, डबा ठेवायची, रिकामा डबा घ्यायची, जायची. बोलायची नाही. तानाजी आला होता. त्याला अंजनानं सगळं सांगितलं, तेव्हा तो बाहेर जाऊन बराच वेळ झाडाखाली उभा राहिला. आत आल्यावर त्यानं तिला चहा आणून दिला, पण तिच्याकडं बघितलं नाही. अंजना काट्याकडं बघत होती. सात सहाशे. सात तीनशे. सात एकशे. प्रत्येक उतरत्या आकड्याबरोबर सृष्टीचा श्वास खाली येत होता. तिसऱ्या दिवशी पोरीनं वाटीभर दूध न थांबता संपवलं आणि वाटी फेकून दिली.

त्या संध्याकाळी चंदनबाला बाकावर बसली. "म्हंजे तू शर्यत लावलीवतीस माझ्याबर?"

"व्हय."

"खुळी हाईस काय गं? मला सांगितलं असतंस, तर मी आकडे पाठवायचे बंद केले असते."

"तेबी नको हुतं," अंजना म्हणाली. "सोमवारची वाट बघायची मी."

चंदनबालानं डब्याचं झाकण उघडलं, पुन्हा लावलं. "माझं पोर तुझ्या शर्यतीत पळत हुतं, आणि मला पत्ताच न्हाई. लय राग आलाय मला. अजून हाय." मग बाहेरच्या उन्हाकडं बघत म्हणाली, "जेवून घे. दिस मावळाय आलाय."

दोघी जेवल्या. चंदनबाला जाताना वही बाकावर ठेवून गेली. अंजनाला वाटलं विसरली. उघडून बघितलं, तर ब्राह्मीची पानं फाडून घेतली होती आणि मागची सगळी कोरी होती.

सृष्टी घरी आली ती सहा किलो नऊशेनं. दोन महिन्यांपूर्वी निघाली होती तेवढीच. पुढच्या सोमवारी अंजनानं सकाळी सातला औषध दिलं, साडेनऊला अंगणवाडीत नेलं. विजयमालाबाईंनी आकडा वाचला, सात. अंजनानं तो वहीत लिहिला, आपल्या त्या फळ्यावरच्या अक्षरात, आणि चंदनबालाला पाठवला. "सात किलो. औषध देऊन. पाठीला जरासं मांस लागतंय."

उत्तरात व्हिडिओ आला. शहाबादी फरशीवर ब्राह्मी, जिनेशच्या हातातून सुटलेली. एक पाऊल. दुसरं. तिसरं. मग धप्पकन बसून टाळ्या. अंजनानं तो एकदा बघितला. दुसऱ्यांदा बघितला. आपली अजून भिंतीला धरून उभी राहते. घशाशी तीच जुनी, कडवट ऊब आली, आणि ती आली याचं तिला नवल वाटलं नाही.

खाली एकच ओळ होती. "श्वास किती?"

सृष्टी झोपलेली होती. अंजनानं तिच्या पोटावर हात ठेवला आणि घड्याळाकडं बघितलं. एकवीस, बावीस, तेवीस. ब्राह्मी चालायला लागली, हे मधेच आठवलं आणि आकडा चुकला. तिनं पुन्हा पहिल्यापासून मोजायला सुरुवात केली.